आखाडा वाचवणाऱ्या आप्पांना अनावृत पत्र

आदरणीय आप्पा,

शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या सोमवारी नगरपरिषदेचे पत्र हाती आले. आखाड्याच्या जागेचे आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव मागे घेतला जात आहे, एवढेच त्यात होते आणि तेही अडीच ओळींत. मी ते आधी दारातच उभ्याने वाचले, मग ओट्यावर बसून सासूबाईंना वाचून दाखवले, आणि दोघींच्याही डोळ्यांना धार लागली. त्याच संध्याकाळी आपल्याला फोन केला, तेव्हा आपण “छान झालं, आता निंबाला आळं करून पाणी घाला” असे म्हणून विषय संपवलात. सत्काराला येणार नाही, शाल-श्रीफळ घेणार नाही आणि कुठेही नाव छापायचे नाही, हेही आपण तेव्हाच बजावलेत. आपला शब्द पाळते, नाव कुठेही लिहीत नाही. परंतु आभार न मानता राहणे मला जमत नाही, आणि ज्या गावासाठी आपण हे केले त्या गावादेखतच ते मानले पाहिजेत असे वाटते, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगते. आमचे गाव तापीपासून फार लांब नाही. केळी आणि कापूस यांवर ते जगते. ज्या जागेला नगरपरिषदेच्या दप्तरात ‘क्रीडा व करमणूक केंद्र’ असे नाव आहे तिला गाव आखाडाच म्हणते, कारण सर्वांत आधी तिथे कुस्तीची तालीम होती. आज तिथे व्यायामशाळा आहे, कबड्डी आणि खो-खोचे लाल मातीचे मैदान आहे, एरंडेल पिऊन पिऊन काळाभोर झालेला मल्लखांब आहे, पत्र्याच्या शेडखाली बॅडमिंटनचे एक कोर्ट आहे आणि सकाळी वर्तमानपत्रे वाचायला येणाऱ्या वयस्कर मंडळींची एक खोली आहे. माझी मुलगी याच मातीत खो-खो शिकली. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की घराच्या भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात, अशा वेळी आमच्या गल्लीतल्या बायकांना निवांत टेकायला हे एकच मोकळे मैदान आहे. मैदानाच्या टोकाला जुना निंब आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या फांद्यांना झोके बांधले जातात आणि माहेरी आलेल्या लेकी दिवस कलेपर्यंत गाणी म्हणत झुलतात. खानदेशातल्या बाईला आखाजी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच आखाजीनंतरच्या आठवड्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात एक सूचना आली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये विकास योजनेत फेरबदल करून क्रीडांगणाचे आरक्षण काढायचे आणि ती जागा वाणिज्य वापरासाठी द्यायची, असा तो प्रस्ताव होता. खाली दुकानांचे गाळे, वर कार्यालये आणि तिसऱ्या मजल्यावर ‘अद्ययावत क्रीडा दालन’ असे चित्र रंगवले गेले होते. हरकती आणि सूचनांसाठी मुदत एक महिन्याची होती.

त्या महिन्याचे पहिले दहा दिवस कसे गेले ते आठवले की आजही घशात काहीतरी अडकते. निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक बसलेले असल्यामुळे जाब विचारावा असा नगरसेवक उरला नव्हता, आणि जे माजी झाले होते ते “बघू, वरती बोलतो” यापलीकडे गेले नाहीत. एक पुढारी मल्लखांबावरच्या मुलांबरोबर छायाचित्र काढून गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. एका वकिलांनी फी आगाऊ घेतली आणि नंतर आमचे फोन उचलणे बंद केले. हे सगळे एक वेळ सोसवले असते, पण आखाड्याचे कैवारी म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी पिठाच्या गिरणीपुढे रांगेत उभ्या असलेल्या बायकांकडून कोऱ्या कागदांवर सह्या आणि अंगठे घेतले. मजकूर नंतर टाकू, असे ते म्हणाले. ते कागद पुढे कुठे गेले, त्यांवर काय लिहिले गेले, कोणालाच कळले नाही. त्या कागदांवर माझ्या सासूबाईंचाही अंगठा होता.

त्यानंतर आपण आलात. नगररचना खात्यात आरेखक म्हणून सारी नोकरी केलेले, पंचाहत्तरी ओलांडलेले आपण, डोक्याला पांढरे उपरणे गुंडाळून वैशाखाच्या उन्हात धुळ्याहून एसटीने आलात, तेही माझ्या भावाच्या व्याह्यांनी एकदा शब्द टाकला एवढ्यावर. आम्ही भाड्याचे पैसे पुढे केले, तेव्हा पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट असल्याची आठवण आपण करून दिलीत. दुसऱ्या खेपेपासून तर जेवणाचा डबाही घरूनच आणू लागलात.

प्रस्तावाचा नकाशा आपण वर्तमानपत्रांच्या खोलीत सतरंजीवर पसरलात, चार कोपऱ्यांवर आमचीच चार डंबेल्स ठेवलीत आणि पट्टी लावून तिसऱ्या मजल्यावरच्या खांबांमधले अंतर मोजलेत. दोन्ही दिशांना ते ६ मीटर भरले. बॅडमिंटनच्या कोर्टाची रुंदीच ६.१० मीटर असते. मुलींच्या कबड्डीला १२ बाय ८ मीटर जागा लागते आणि खो-खोला २७ बाय १६. “मग या दालनात कोण काय खेळणार आहे?” असे आपण शांतपणे विचारलेत आणि माझी मुलगी, जी तोवर कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती, ती उठून नकाशाजवळ आली. क्रीडांगणे आणि बागा पुरवणे हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांच्या कामांत मोडते, हे आपण सांगितलेत. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा त्या वस्तीतलेच रहिवासी न्यायालयात उभे राहिले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली, हेही आपल्याकडूनच आम्हाला प्रथम कळले. तोवर आम्हाला वाटत होते की आम्ही गरीब लोक उगीच मध्ये येत आहोत. त्या दुपारी ते वाटणे गेले.

आपली अट एकच होती. छापील मजकुरावर रांगेने सह्या घ्यायच्या नाहीत. ज्याची हरकत त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहायचे. एकेक माणूस आपल्यासमोर बसत असे, आखाडा त्याचा कसा आहे ते सांगत असे, आणि आपण ते फुलस्केपवर गोलसर अक्षरांत उतरवून घेत होता. लिहून झाले की पेनला टोपण लावून सगळा मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. “हेच म्हणायचं आहे ना? काही राहिलं का?” असे विचारायचे. समोरच्याने होकार दिल्यावरच टोपण पुन्हा निघायचे आणि पेन त्याच्या हातात जायचे. दीडशेच्या आसपास माणसे झाली, आणि एकाही माणसाच्या वेळी आपण हे वाचून दाखवणे गाळले नाही.

सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मी मध्येच काही सुचवायला गेले, तर आपण हातानेच मला थांबवलेत. मग त्या म्हणाल्या, “मन्या तीन अंडेरी आखाजीले येतस. झोका कोठे बांधू?” (माझ्या तीन लेकी आखाजीला येतात. झोका कुठे बांधू?) मी शाळेत मराठी शिकवते, मला वाटले, आपण हे वाक्य कार्यालयाला शोभेल अशा भाषेत फिरवून लिहाल. आपण ते अहिराणीतच, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीतच, जसेच्या तसे लिहिलेत आणि तसेच वाचून दाखवलेत. स्वतःचे बोलणे कागदावरून परत ऐकताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मी कधी विसरणार नाही.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी खरे तर हे सारे पत्र आहे. सासूबाईंनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर उठवला आणि नेहमीच्या सवयीने तो पदराच्या आत नेऊन चोळू लागल्या. आमच्यापैकी कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते. आपले गेले. आपण गुडघ्यावर हात टेकून उठलात, बाहेर मल्लखांबापाशी जाऊन पोरांकडून एरंडेलाची बाटली आणि कापसाचा बोळा मागून आणलात, बोळा तेलात भिजवून त्यांच्यापुढे धरलात आणि म्हणालात, “माय, घर जाईसन पीठ मयनं शे ना?” (माय, घरी जाऊन पीठ मळायचं आहे ना?) त्यांनी अंगठा पुसला. एकदा पुसून निळे राहिले, तर आपण दुसरा बोळा दिलात. नखाच्या कडेची शाई निघेपर्यंत आपण पुढचा कागद हातात घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून शाईच्या पॅडशेजारी एरंडेलाची बाटली आणि कापूस आपण न विसरता मांडून ठेवत होता.

आप्पा, मी त्या घरात सून म्हणून येऊन १९ वर्षे झाली. बँकेतून, पोस्टातून परत आल्यावर सासूबाई मोरीशी बसून चुलीतल्या राखेने अंगठा घासत, हे मी शेकडो वेळा पाहिले होते. त्यांना भाकरीच्या पिठात ती शाई नको असते, आणि घरातल्या पोरांनी तो निळा अंगठा पाहावा हेही नको असते, एवढे साधे माझ्या मनात कधी आले नाही. त्यांच्या शेजारी बसून मी इतरांच्या मुलांना अक्षरे शिकवत होते. आपल्याला ते पहिल्या भेटीत, एका नजरेत कळले. त्या रात्री मी त्यांच्या हातांना तेल लावून दिले आणि आम्ही दोघी खूप वेळ बोललो. इतक्या वर्षांत तसे कधी बोललो नव्हतो.

कोऱ्या कागदांवर अंगठे घेणाऱ्यांना कायदा आपल्याइतका नसला तरी पुष्कळ कळत होता, ओळखी तर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या. त्यांना अंगठा हवा होता, अंगठ्याची बाई नको होती. हे मी रागाने लिहिते आहे आणि तो राग लपवावा असे मला वाटत नाही.

सुनावणीबद्दल फार लिहीत नाही. आषाढात ती झाली, बाहेर पाऊस कोसळत होता आणि दालनात बसायला जागा नव्हती. सासूबाईंना बोलावले तेव्हा त्या हातात कागद न घेता उभ्या राहिल्या आणि आपली हरकत त्यांनी घडाघडा सांगितली, कारण ती त्यांचीच होती आणि त्यांनी ती ऐकलेली होती. माझ्या मुलीने खांबांमधल्या ६ मीटरचा हिशेब मांडला. आपण शेवटच्या बाकावर ओली छत्री पायाशी धरून बसला होता आणि सबंध वेळ एक शब्दही बोलला नाहीत.

आपल्यामागे गावही सुधारले, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही. पहिल्या दिवशी झेरॉक्सचे पूर्ण पैसे घेणाऱ्या दुकानदाराने तिसऱ्या दिवसापासून पैसे घेणे सोडले. हरकती द्यायला जाणाऱ्या बायकांचा खोळंबा होऊ नये म्हणून गिरणीवाल्याने त्यांचे डबे रांगेत आधी घेतले. संध्याकाळी आपल्याला फाट्यावर पोहोचायला उशीर झाला, तर धुळ्याच्या गाडीचा कंडक्टर घंटी न मारता थांबून राहायचा. ज्या कार्यालयाशी आमचे भांडण होते, त्याच कार्यालयातल्या एका बाबूंनी मुदतीच्या शेवटच्या दिवशी जेवणाची सुट्टी न घेता प्रत्येक हरकतीच्या स्थळप्रतीवर पोच दिली. त्यांचेही आभार याच पत्रात मानते. ही माणसे आधीपासून इथेच होती आणि चांगलीच होती. मात्र आपल्या साध्या वागण्याने त्यांना चांगले वागायला निमित्त मिळाले.

आता एक निरोप आहे, आणि तो माझा नाही. चातुर्मासात वांगे न खाणाऱ्या सासूबाईंनी चंपाषष्ठीला भरिताचा बेत ठरवला आहे. सत्कार नको म्हणालात, तो आम्ही करणार नाही. गर्दी नसेल, हार नसेल, घरचीच चार माणसे असतील. ज्वारी आणि उडीद दळून कळण्याचे पीठ तयार आहे. ते मळायला आणि भाकरी थापायला त्या स्वतः बसणार आहेत, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाहीत. धुळ्याहून सकाळची गाडी धरलीत तर दुपारच्या जेवणाला आरामात पोहोचाल. फाट्यावर घ्यायला माझी मुलगी येईल.

आपली,
आखाड्याशेजारच्या घरातली सून