ही म्हाताऱ्यांची टिंगल नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्कॉटिश लेखिका म्युरिएल स्पार्क यांच्या १९५९ सालच्या ‘मेमेंटो मोरी’ (म्हणजे ‘मरण आहे, लक्षात ठेव’) या कादंबरीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला, त्यावरची पत्रंही वाचली. ‘म्हाताऱ्यांच्या मरणावर विनोद करणं असंस्कृत’ असं एका वाचकांनी लिहिलं आहे. मी शहात्तर वर्षांची आहे. हे पुस्तक दोनदा वाचताना मोठ्याने हसले आहे, म्हणून हे पत्र.

कादंबरीत लंडनमधल्या सत्तरी-ऐंशीतल्या मंडळींना फोन येतात. पलीकडून एवढंच ऐकू येतं : तुम्हाला मरायचं आहे, लक्षात ठेवा. त्यांतली डेम लेटी (‘डेम’ हा ब्रिटिश किताब) पोलिसांच्या मागे लागते, भाच्यावर संशय घेते, मृत्युपत्र पुन्हा पुन्हा बदलते. तिची वहिनी शार्मेन हिला मात्र हल्ली फारसं काही आठवत नाही, तरी तीच फोनवर शांतपणे सांगते की मरणाची आठवण मला असतेच. हसू येतं ते लेटीच्या आकांडतांडवाचं. वयाला कुणी हसत नाही.

त्या वाचकांनी रुग्णालयाची पानं पुन्हा वाचावीत, ही विनंती. शार्मेनची जुनी मोलकरीण जीन टेलर संधिवाताने जखडून बारा खाटांच्या वॉर्डात पडली आहे. तिथे सगळ्याच बायकांना ‘ग्रॅनी’ म्हणतात. तिला ते इतकं लागतं की असं जगण्यापेक्षा खड्ड्यात पडून मेलेलं बरं, असं वाटतं. गेल्या पावसाळ्यात खुब्याचं हाड मोडून मी अकरा दिवस दवाखान्यात होते. पहिल्या तासापासून सगळ्यांची ‘आजी’ झाले. ‘आजी, तोंड उघडा.’ माणसं वाईट नव्हती. पण चाळीस वर्षं मला ‘बाई’ म्हणणाऱ्या गावात माझं नाव कुणी विचारलं नाही. ते दुःख मला पहिल्यांदा नीट शब्दांत सापडलं ते या पुस्तकात. टिंगल करणाऱ्या लेखिकेला ते दिसलंच नसतं. स्पार्क तेव्हा जेमतेम एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. पण एडिंबरोच्या घरी त्यांची पक्षाघात झालेली आजी राहत होती, तिचं आजारपण त्यांनी लहानपणी जवळून पाहिलेलं.

दुसऱ्या पत्रात तक्रार आहे की फोन करणारा कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. प्रत्येकाला वेगळा आवाज ऐकू येतो, आणि निवृत्त पोलीस अधिकारी मॉर्टिमर सांगतो की हा फोन खुद्द मृत्यूचाच असावा. मला तेवढा उलगडा पुरला.

शेवटी कोण कशाने गेलं याची यादी येते, आजारांच्या वैद्यकीय नावांसह. तिथे हसू आलं नाही. जीन टेलरचं नाव आलं तेव्हा पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीत बसून राहिले.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज