ताई, तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत म्हणून

ताई,

सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या मुलीच्या जवळपास आहात, तरी ताईच म्हणते. हे पत्र पाकिटात घालून गुपचूप तुमच्या हातात द्यायचं ठरवलं होतं. पण त्याआधी माझा जो पाणउतारा झाला तो चारचौघांत झाला होता, तेव्हा आभारही चारचौघांतच मानावेत असं वाटलं.

कामाच्या फाइली लिनक्सच्या सर्व्हरवर गेल्या आणि माझ्यासमोर काळा पडदा आला, ज्यावर कमांड म्हणजे हुकूम टाइप करूनच सगळं करायचं. शिकायची मनापासून इच्छा होती, पण शिकवणारा मिळेना. एक गृहस्थ यायचे, माझ्यासमोरचा कीबोर्ड ओढून घ्यायचे, दहा सेकंदांत काहीतरी टाइप करायचे आणि 'झालं' म्हणून निघून जायचे. काय केलंत असं विचारलं तर 'ते तुम्हाला नाही कळायचं.' पैसे भरून एका वर्गाला गेले. तिथे पन्नास कमांडची यादी पाठ करून घेतली, त्यांतली एकही कशासाठी असते ते सांगितलं नाही. तिसऱ्याने तर एक ओळ पाठवली आणि 'ही चिकटवा, एंटर मारा' म्हणाला. ती 'आरएम' होती. त्या कमांडने पुसलेलं कचरापेटीत जात नाही, ते गेलंच. माझी दोन वर्षांची टिपणं गेली, आणि तो म्हणाला, 'वाचून एंटर मारायचं ना!' वाचायला कोणी शिकवलं होतं मला? त्याचा राग अजून गेलेला नाही आणि तो लपवावा असंही वाटत नाही.

तुम्ही आलात त्या दुपारी माझ्याच डिरेक्टरीतली (फोल्डरमधली) माझीच फाइल मला बदलता येत नव्हती. 'पर्मिशन डिनाइड' एवढंच पडद्यावर येत होतं. सवयीने मी उठून कीबोर्ड तुमच्याकडे सरकवला. तुम्ही तो परत माझ्यासमोर ठेवलात, दोन्ही हात मागे बांधलेत आणि म्हणालात, 'तुम्हीच टाइप करा. मला घाई नाही.'

ताई, तुम्हाला हे आठवतही नसेल. मला त्या हातांखेरीज दुसरं काही इतकं स्पष्ट आठवत नाही. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' या कमांडनंतरची मोकळी जागा मी तीनदा विसरले. तिसऱ्या वेळी तुमचा उजवा हात पुढे यायला निघाला आणि परत मागे गेला. तो मागे जाताना मी पाहिला. तेवढ्यात माझ्या मनातली भीती ओसरली, कारण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी चुकत असताना कोणी शांत उभं राहिलं होतं.

मग 'एलएस -एल' दिल्यावर माझ्या फाइलीची जी लांबलचक ओळ आली, ती तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलीत. आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं, एक्स म्हणजे चालवणं. आधी मालक, मग गट, मग बाकीचे सगळे. त्याच ओळीत पुढे मालकाचं नाव. तिथे माझं नाव नव्हतं, 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी खात्याचं नाव लिहिलं होतं. त्या घाईच्या गृहस्थांनी माझ्या फाइली सर्वाधिकाराने बनवून ठेवल्या होत्या आणि मी मात्र मलाच काही येत नाही म्हणून महिनोन्महिने खाली मान घालून बसत होते!

'सूडो'साठी, म्हणजे तेवढ्यापुरता तो सर्वाधिकार वापरण्यासाठी, पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, तशी मी थांबले. तुम्ही म्हणालात, 'उमटणार नाही. अक्षरं किती आहेत हेसुद्धा शेजारच्याला कळू नये म्हणून.' मालक बदलायची कमांड दिली, तर तिनेही काही उत्तर दिलं नाही. मी घाबरून तुमच्याकडे पाहिलं. 'गप्प राहिलं म्हणजे काम झालं. बिनसलं तरच ते बोलतं.' ही एवढी साधी गोष्ट त्या पन्नास कमांडच्या यादीत कुठेच नव्हती.

जाताना 'मॅन' दाखवलंत. कुठलीही कमांड अडली की तिच्याआधी 'मॅन' लिहायचं, माहिती समोर येते. माझ्या चेहऱ्यावर संकोच दिसला असावा. लिनक्स ज्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं, आणि ते लिहिणारे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची, म्हणजे ती प्रणाली घडवणारेच, हे तुम्ही त्यावर सांगितलंत. घडवणाऱ्यांनाही लिहून ठेवावंसं वाटलं, मग आपण उघडून वाचण्यात कमीपणा कसला, असं म्हणालात. त्यानंतर मी रोज एक पान वाचते. बरंच कळत नाही. तरी वाचते.

लिनक्सची गोष्टही मी पुढे शोधून वाचली. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आपलं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सर्वांपुढे ठेवलं आणि १९९२ मध्ये जीपीएल परवाना लावला. कोणीही बघावं, बदलावं, पुढे द्यावं, फक्त पुढे देताना तीच मोकळीक पुढच्यालाही द्यावी. वाचताना तुमची आठवण झाली. इतकं मोकळं करून ठेवलेलं ज्ञान काही जण मात्र दारात आडवे उभे राहून अडवतात. तुम्ही बाजूला झालात. समोरच्याला लहान न करता शिकवणं हा केवळ सभ्यपणा आहे, पण तो इतका दुर्मीळ झालाय की भेटला तेव्हा घरी जाऊन मी रडले.

त्या दुपारी तुम्ही सांगितलेली आणि मी टाइप केलेली पाच ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल, अजून माझ्या होम डिरेक्टरीत आहे. त्यानंतर मी तिच्यात एक अक्षरही बदललेलं नाही, म्हणून तारीख अजून त्याच दिवसाची दिसते. आज सकाळी पुन्हा 'एलएस -एल' देऊन पाहिलं. ओळी तुम्ही सांगितलेल्या आहेत, ताई, पण मालकाच्या रकान्यात माझं नाव आहे.

आपली कृतज्ञ,
त्या दुपारची विद्यार्थिनी