भुऱ्या आहे सोबतीला

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू पुन्हा तेच विचारलंस, एवढ्या मोठ्या घरात एकटी कशी राहतेस म्हणून. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. मी एकटी नाही. तुम्ही दादाकडे गेल्यावर माझा हा कुत्रा, भुऱ्या, आला, आणि त्याच्यामुळे आता निम्मं गाव माझ्याशी बोलतं.

पहाटे तोच उठवतो. मी सपरीत टेबल ओढून लिहायला बसते, तो माझ्या पावलांवर हनुवटी टेकून पडतो. दिवाळी अंकवाले आषाढातच कथा मागतात, त्यामुळे सध्या सकाळची वेळ फार मोलाची. लिहिलेलं पान मी मोठ्याने वाचते. ऐकायला कोणी असलं की आवाज नीट लागतो आणि वाक्य कुठे अडखळतं ते कानाला कळतं. भुऱ्याला कथा समजते असं मी म्हणत नाही, पण आवाजातला चढउतार त्याला बरोबर समजतो. संवाद आला की कान उभे. वर्णन लांबलं की तो उठून अंगणात जातो, आणि मग मलाही माझा सपाट झालेला आवाज ऐकू येतो. ते पान मी पुन्हा लिहिते.

आठ वाजले की फाटकाशी जाऊन उभा राहतो. पांदणीने आम्ही वावरापर्यंत जातो. पऱ्हाटीत निंदण चालू आहे. आधी बाया मला पाहून गप्प व्हायच्या, लिहिणाऱ्या बाईशी काय बोलायचं म्हणून. भुऱ्या मात्र थेट त्यांच्या शिदोरीजवळ जाऊन बसला, आणि बोलणं त्याच्यावरूनच निघालं. काय खातो, चावत तर नाही ना, रात्री जागलीला येईल का. आता धुऱ्यावर त्या मला सरकून जागा देतात. उधारीवर आणलेलं बियाणं, सासरी त्रासात असलेली लेक, रानडुकरांनी रात्रीत उकरलेली तासं, सगळं सांगतात. यंदाची कथा मला तिथे सापडली. खोलीत बसून ती कधीच सापडली नसती.

बाबा, तुमच्या मनात अजून पोटातली चौदा इंजेक्शनं आहेत, हे मला माहीत आहे. आता माणसाला ती दंडात देतात. भुऱ्याला तीन महिन्यांचा असताना जनावरांच्या दवाखान्यात रेबीजची पहिली लस दिली, आता दरवर्षी देते. शेजारच्या पोरांनाही सांगून ठेवलंय, कोणतंही कुत्रं चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रात्री तो घरातच झोपतो. बिबट कुत्र्यासाठी वस्तीत शिरतो. २०१८ साली अवनी वाघिणीच्या धास्तीने आपल्या राळेगाव तालुक्यात लोक दिवेलागणीलाच दारं लावायचे, ते तुम्हाला आठवत असेल.

उन्हाळ्यात मात्र त्याची फार काळजी वाटते. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, बाकीची उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो. पारा ४५ वर गेला की आमचं फिरणं सूर्य उगवायच्या आत उरकतं, आणि दुपारभर माठाखालची ओली जागा त्याची. सध्या पावसाळ्यात गोचिडांचा त्रास आहे. रोज संध्याकाळी कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत तपासते. तोही शांत पडून राहतो, पाय स्वतःहून पुढे करतो. दिवसभर शब्दांशी झटून झाल्यावर हे हातांचं काम मला फार बरं वाटतं.

आई, तू आलीस की त्याला मायेने भाजीचा रस्सा वाढशील. तेवढं करू नकोस. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ज्वारीची भाकर, उकडलेलं अंडं, वरचं थोडं ताक, एवढ्यावर तो खूश असतो.

पोळ्याला नक्की या. दादाला म्हणावं गाडीने सोडून दे, बाबांच्या गुडघ्याला एसटी झेपायची नाही. भुऱ्या नव्या माणसावर आधी भुंकतो. बाबा, तुम्ही काठी उगारू नका, फाटकात उभं राहून त्याला हात हुंगू द्या. आणि आई, तुझं जुनं सुती लुगडं घेऊन ये, त्याच्या अंथरुणाला हवंय.

तुमची लाडकी,
धाकटी