येशूचे दाखले वाचताना हिशेब मांडा

महोदय,

नाताळ जवळ आला किंवा भस्म बुधवार झाला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत येशूची वचने चौकटीत झळकू लागतात. ‘शेजाऱ्यावर प्रीती करा’, ‘क्षमा करा’, ‘दुसरा गाल पुढे करा’. छापता त्याबद्दल आभारच आहेत. पण चौकटीत बसवलेल्या वचनाचा सुविचार होतो, आणि सुविचार वाचून कोणाचीही झोप उडत नाही. येशूचे बोलणे ऐकणारे मात्र कुरकुरत, उलट प्रश्न विचारत, कधी चिडून निघून जात. याचे एक साधे कारण असे की त्याच्या दाखल्यांत, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथांत, रक्कम, माप, रस्ता आणि वेळ असे सारे काही असते, आणि त्याचा हिशेब ऐकणाऱ्यांना तिथल्या तिथे कळत असे. आपण तो हिशेब गाळून वाचतो. बायबल अभ्यासवर्ग, घरसभा, संडे स्कूल चालवणाऱ्यांसाठी आणि कुतूहलाने शुभवर्तमान (येशूचे जीवन आणि शिकवण सांगणारी मत्तय, मार्क, लूक, योहान यांची पुस्तके) उघडणाऱ्या कोणत्याही वाचकासाठी हा हिशेब कसा मांडावा, ते थोडक्यात लिहीत आहे.

फळ्यावर आधी तीन आकडे लिहावेत. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची हजेरी. हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातूनच कळते. १०० दीनार म्हणजे एक मीना. ६,००० दीनार म्हणजे एक तालांत. भाषांतरागणिक नाण्यांची नावे बदलतात, म्हणून तळटीप पाहून घ्यावी. मग आपल्या गावातली चालू हजेरी धरावी. सोयीसाठी ५०० रुपये धरू.

आता मत्तय १८ घ्या. ‘भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा?’ असे येशूचा शिष्य पेत्र विचारतो आणि येशू दोन कर्जांची गोष्ट सांगतो. पहिल्या दासाचे देणे १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. आपल्या हजेरीने ३,००० कोटी रुपये. वर्षाला ३०० दिवस काम केले, तर फेडायला २ लाख वर्षे लागतील. योसेफस या यहुदी इतिहासकाराने तिथला तेव्हाचा शासक हेरोद अंतिपाचे गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांचे वार्षिक उत्पन्न २०० तालांत दिले आहे. म्हणजे एका दासाच्या नावावर दोन प्रांतांचे पन्नास वर्षांचे उत्पन्न! हा आकडा ऐकून लोक हसले असणार, आणि ते हसावेत असाच तो योजलेला दिसतो. तरीही हा दास म्हणतो, ‘मला वागवून घ्या, मी सगळे फेडीन.’ आणि राजा त्याचे सगळे कर्ज माफ करतो.

बहुतेक प्रवचने चुकतात ती दुसऱ्या कर्जापाशी. सोबतच्या दासाचे देणे १०० दीनार, आणि उपदेशक सांगतात की ती किरकोळ रक्कम होती. ती किरकोळ नव्हती. ५०० च्या हजेरीने ५०,००० रुपये झाले, तीन महिन्यांहून अधिक राबणूक. ज्याचे एवढे पैसे अडकले आहेत त्याला ‘सोडून दे, त्यात काय’ म्हणणे हा त्याचा अपमान आहे, आणि येशू तसे म्हणत नाही. दुखावलेल्याचे नुकसान तो खरेच धरतो. फक्त ते ६ लाख पटींनी मोठ्या माफीच्या शेजारी ठेवतो. वर्गात हा भाग वाचताना दोन्ही कर्जदारांची वाक्ये दोन वेगळ्या माणसांना मोठ्याने वाचायला द्यावीत. ती जवळजवळ शब्दशः एकच आहेत. पहिल्याने स्वतःच उच्चारलेले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकले आणि त्याचा गळा धरला, हे कानाला कळते तसे डोळ्याला कळत नाही.

याच अध्यायाची १५ ते १७ ही वचने सोडून थेट २१ व्या वचनाला हात घालणे ही आणखी एक चूक. आधीच्या वचनांत येशू सांगतो की भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला दाखवून दे. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत ने. तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या समुदायापुढे, मांड. म्हणजे क्षमेच्या आधी तक्रार नोंदवण्याची रीतसर वाट याच अध्यायात दिली आहे. मंडळीच्या कमिटीत पैशांचा घोळ झाला की ‘ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी’ असे म्हणून विषय गुंडाळणाऱ्यांना ही तीन वचने जरूर दाखवावीत.

मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दाखला महाराष्ट्रातल्या कोणत्याही मजूर अड्ड्यावर उभे राहून वाचता येईल. मालक पहाटे सहाला, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला मजूर नेतो. मूळ मजकुरात तिसरा, सहावा, नववा, अकरावा तास असे आहे. दिवस बारा तासांचा, सूर्योदयापासून मोजलेला. बोली ठरते ती फक्त पहाटेच्या टोळीशी, एक दीनार. नऊच्या टोळीला ‘जे योग्य ते देईन’ एवढेच सांगितले जाते. पाचच्या लोकांना आळशी ठरवणारी प्रवचने बरीच आहेत, पण मजकुरात त्यांचे उत्तर स्पष्ट आहे: ‘आम्हाला कोणी कामावर लावले नाही.’ अड्ड्यावर दुपारनंतर कोण उरते? म्हातारे, अशक्त, नाहीतर मुकादमाच्या ओळखीत नसलेले.

खरी मेख आठव्या वचनात आहे. मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यांपासून सुरुवात करून पहिल्यांपर्यंत मजुरी दे. पहाटेच्यांना आधी पैसे दिले असते, तर ते खुशीत घरी गेले असते आणि भांडण झालेच नसते. पाचवाल्याच्या हातात पूर्ण हजेरी पडताना पहाटेच्यांनी पाहावी, म्हणूनच हा क्रम उलटा आहे. वर्गात विचारावे: मालकाने कोणाचे किती बुडवले? पै-पैचा हिशेब केला तरी उत्तर शून्य येते, आणि तरीही राग येतो. त्या रागावर अर्धा तास बोलावे. दाखला तिथेच आहे. मजुरी त्याच संध्याकाळी का, याचे उत्तर जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात २४:१४-१५ मध्ये आहे: गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचे पोट तिच्यावर आहे. आठवड्याचा पगार पंधरवड्यावर ढकलणाऱ्या ख्रिस्ती ठेकेदारांनी हे वचन चौकटीत लावायला हरकत नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक १०:२५-३७) पाठ असल्यामुळेच वाचला जात नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एकाला लुटारू अर्धमेला करून टाकतात; याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) बाजूने निघून जातात, आणि यहुद्यांना नकोसा असलेल्या शोमरोनी समाजातला एक जण थांबतो. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरच्या ओसाड रस्त्यावर हजार मीटरची उतरण. याजक त्या वाटेने ‘खाली जात होता’ असे लूक लिहितो. त्याची बाजू घेताना नेहमी सांगितले जाते की प्रेताला शिवून विटाळ झाला असता, तर मंदिरातली सेवा चुकली असती. पण खाली जाणारा माणूस मंदिराकडे पाठ करून चाललेला असतो. शिवाय जुन्या करारातल्या लेवीय २१ मधला प्रेताचा नियम याजकांसाठी आहे, लेव्यांसाठी नाही. आणि वाटेत बेवारस प्रेत आढळले तर प्रमुख याजकानेही ते पुरावे, असे यहुद्यांच्या मिश्ना या नियमसंग्रहात सांगितले आहे. तेव्हा ‘यहुदी धर्म कर्मठ, येशू दयाळू’ ही नेहमीची मांडणी इथे टिकत नाही. येशू यहुदी होता आणि त्याच शास्त्राच्या आधारे बोलत होता.

मग शोमरोन्याची कामे एकेक करून मोजावीत. जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले, आणि वर जो खर्च होईल तो परत येताना फेडीन म्हणाला. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. दोन दीनार म्हणजे १,००० रुपये, ते देऊन सुटता येते. परत येण्याचे वचन मात्र माणसाला बांधून ठेवते. रुग्णालयात फळे वाटून फोटो काढणाऱ्या युवक संघांनी पुढच्या आठवड्याची तारीखही त्याच वेळी ठरवावी. आणि जाता जाता एक अध्याय मागे जाऊन लूक ९:५२-५४ वाचावे. तिथे शोमरोनी गावाने येशूलाच थारा नाकारला आहे आणि त्याचे शिष्य याकोब व योहान त्या गावावर आकाशातून अग्नी मागत आहेत. त्यानंतर थोड्याच वेळात येशू शोमरोन्याला दाखल्याचा नायक करतो.

दुसऱ्या गालाच्या वचनाबद्दल मात्र सावध राहायला हवे, कारण त्याने प्रत्यक्ष इजा झालेली आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हे वचन ऐकवून घरी परत पाठवले जाते. मत्तय ५:३९ नीट वाचा: ‘उजव्या’ गालावर. समोरचा उजव्या हाताने मारत असेल, तर उजव्या गालावर पडते ती उलट्या हाताची चापट. ती इजेसाठी नसते, पायरी दाखवण्यासाठी असते. पुढे संकलित झालेल्या मिश्नात सरळ थपडेला २०० झूज दंड आहे आणि उलट्या हाताच्या थपडेला ४००. झूज म्हणजे साधारण दीनारच. अपमानाला अपमानाने उत्तर देऊ नको, पण मान खालीही घालू नको, असा या वचनाचा रोख अनेक अभ्यासक मानतात. मला तो पटतो. ज्यांना पटत नाही त्यांनी योहान १८:२२-२३ उघडावे. प्रमुख याजकासमोर शिपाई येशूला चपराक मारतो, तेव्हा येशू दुसरा गाल पुढे करत नाही, गप्पही बसत नाही. ‘मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरे बोललो असेन तर मला का मारतोस?’ असे तो विचारतो. मार खाणाऱ्या बाईला एखादे वचन द्यायचेच असेल तर हे द्यावे, आणि तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे.

बाकीच्या दाखल्यांतही हीच रीत चालते. मत्तय १३:३३ मधली बाई तीन मापे पिठात खमीर घालते. ते पीठ वीस किलोंच्या वर जाते. ती घरची भाकरी उरली नाही, ती गावजेवणाची कणीक झाली. मत्तय २५ मध्ये धन्याने सोपवलेला आणि तिसऱ्या दासाने जमिनीत पुरला तो एक तालांत म्हणजे ३० लाख रुपये. पैसे जमिनीत पुरणे तेव्हा सावधपणाचे मानले जाई, म्हणून त्याला मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. तो धन्याला भीत होता, असे तो स्वतःच सांगतो. चर्चा त्या भीतीवर व्हावी.

वर्ग घेण्याची पद्धत साधी ठेवावी. आठ-दहा माणसे, एक तास, एकच दाखला. उतारा दोनदा मोठ्याने वाचावा, दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात. पहिली दहा मिनिटे फक्त हिशेबाला द्यावीत. त्याहून जास्त देऊ नयेत, नाहीतर हुशार मंडळी तालांताच्या वजनावरच वाद घालत बसतात. मग दोन प्रश्न: येशूने हे कोणाला आणि कशावरून सांगितले, आणि ऐकणारा कुठे अडखळला असेल? भस्म बुधवारपासून सुरू होणाऱ्या उपवासकाळाचे सहा आठवडे सहा दाखल्यांना नेमके पुरतात. प्रत्येक वस्तूला गुपित अर्थ चिकटवण्याचा मोह आवरावा. संत ऑगस्टीनने उतारशाळा म्हणजे चर्च आणि तिचा मालक म्हणजे प्रेषित पौल असा अर्थ लावला होता. त्या मांडणीत भक्ती आहे, पण ती ऐकून रस्त्यावरच्या जखमी माणसाकडे कोणी वळेल असे वाटत नाही. तसेच परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) म्हणजे ढोंगी असे समीकरण मुलांना शिकवू नये. लूक १३:३१ मध्ये हेरोद तुला मारायला टपला आहे असे येशूला सावध करणारे परूशीच आहेत.

आपणास विनंती एवढीच की पुरवणीत वचन छापताना त्याखाली पुस्तक, अध्याय आणि वचनाचा आकडा न चुकता द्यावा, आणि जागा असेल तर दाखला शेवटच्या वचनापर्यंत छापावा. द्राक्षमळ्याचा दाखला सोळा वचनांचा आहे. एका स्तंभात तो सहज मावतो.

आपला,
बायबल अभ्यासवर्ग चालवणारा एक वाचक, अहिल्यानगर