इंटरव्ह्यूच्या नावाखाली फुकट काम

संपादक महोदय,

महापे, ऐरोली, वागळे इस्टेट इकडच्या काही कंपन्या कन्सल्टंटला इंटरव्ह्यूला बोलावतात आणि दुसऱ्या राउंडलाच सांगतात की आमच्या गोडाउनचा खर्च कसा कमी होईल त्याचं प्रेझेंटेशन करून आणा, एक्सेलसकट. अहो हा त्यांचाच चालू प्रॉब्लेम, त्यांचाच डेटा, आणि माणूस रात्र जागून करतो कारण घराचा हप्ता असतो. नंतर फोनसुद्धा उचलत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला नकार कळवला आणि तिचाच आराखडा तिथे वापरला, मला याची भयंकर चीड येते.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे लिहिणारा हाच पहिला मालक, नोकरीत असताना केलेलं काम सहसा कंपनीचं होतं पण उमेदवार अजून नोकरीत कुठे असतो, आणि हक्क द्यायचे तर कलम १९ नुसार लेखी लागतं. नुसत्या कल्पनेला मात्र हे संरक्षण नाही, त्यामुळे सगळं तोंडी ओतून येऊ नका.

जुन्या कामाचे नमुने बघा, तासभर समोर बसवून प्रश्न विचारा, कोण नाही म्हणतंय? पण दोन-तीन दिवसांचं काम हवं असेल तर आधी फी ठरवा.

- एक वाचक, ऐरोली