विश्वस्त बँकेने हिशेब कोणाला द्यायचा? : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी दादर येथे राहते. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बौद्धिक दिव्यांग आहे आणि आज तो ५६ वर्षांचा आहे. आमच्या वडिलांनी १९९४ साली त्याच्यासाठी एक खासगी ट्रस्ट केला, त्यात दादरचा एक फ्लॅट आणि आयुष्यभराची शिल्लक ठेवली, आणि विश्वस्त म्हणून नात्यातल्या कोणालाही न नेमता एका बँकेला नेमले. काका त्या वेळी दुखावले होते. वडिलांचे म्हणणे एवढेच होते की माणूस आजारी पडतो, परगावी जातो, मरतो, भावकीत वाटण्यांवरून तंटे होतात; बँकेच्या बाबतीत यातले काही होत नाही. त्यांचा तो विश्वास आजही मला चुकीचा वाटत नाही, आणि म्हणूनच हे पत्र मी त्या बँकेचे नाव न घेता आपणांस लिहीत आहे.

सुरुवातीची काही वर्षे शाखेत एक अधिकारी होते, त्यांना माझा भाऊ चेहऱ्याने माहीत होता. २०११ मध्ये वडील गेले, ते अधिकारी निवृत्त झाले आणि आमची फाइल एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहिली. आता वर्षाला एका पानाचे पत्रक येते. उत्पन्न एका ओळीत आणि ‘शुल्क व इतर खर्च’ दुसऱ्या ओळीत. ट्रस्टची सगळी रक्कम त्याच बँकेच्या मुदत ठेवींत आहे. दुसरीकडे व्याज अधिक मिळत होते का, याचा विचार झाला होता किंवा कसे, हे मी तीन वेळा लेखी विचारले. सोसायटीची मेंटेनन्सची बिले बंद झालेल्या शाखेच्या पत्त्यावर कित्येक महिने जात होती. आमच्या सोसायटीच्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागते. ते लागले आणि बँकेने ते ट्रस्टच्या खात्यातून भरले. पत्ता बदलून घेणे बँकेचे काम होते. त्याचा भुर्दंड मात्र माझ्या भावाला पडला.

कायदा याबाबत मुका नाही. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाच्या, म्हणजे खासगी ट्रस्टना लागू असलेल्या कायद्याच्या, कलम १५ प्रमाणे विश्वस्ताने ट्रस्टची मालमत्ता सामान्य विवेकी माणूस स्वतःची मालमत्ता जपतो तशी जपायची असते, कलम १९ प्रमाणे स्पष्ट हिशेब ठेवून लाभार्थीने मागितल्यावर पूर्ण आणि अचूक माहिती द्यायची असते, कलम ५१ प्रमाणे ती मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरायची नसते, आणि कलम ५७ लाभार्थीला हिशेब, व्हाउचर (खर्चाच्या पावत्या) व संबंधित कागदपत्रे पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क देते. मी याच कलमांचा आधार घेऊन अर्ज केला, तेव्हा व्हाउचर दाखवणे बँकेच्या अंतर्गत धोरणात बसत नाही, असे उत्तर आले. संसदेच्या कायद्यापुढे बँकेचे अंतर्गत धोरण कसे उभे राहते, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

यापुढची गोष्ट मला सर्वांत अन्यायाची वाटते. कलम ३२ अन्वये ट्रस्टच्या कामासाठी वाजवीपणे केलेला खर्च विश्वस्ताला ट्रस्टच्या मालमत्तेतून वसूल करता येतो. मी वकिलामार्फत नोटीस पाठवली, बँकेने आपल्या वकिलामार्फत उत्तर दिले, आणि पुढच्या वार्षिक पत्रकातील खर्चाचा आकडा एकदम वाढलेला दिसला. विचारणा केल्यावर कळले की त्या उत्तराची फी ट्रस्टमधून दिली आहे. म्हणजे माझ्या भावाच्या वतीने मी लढायचे ते माझ्या पेन्शनमधून, आणि त्याच्याविरुद्ध बँक लढणार ती त्याच्याच पैशातून. ट्रस्ट लहान असेल तर एवढ्यानेच लाभार्थी गप्प बसतो, आणि बहुतेक मध्यमवर्गीय घरांचे ट्रस्ट लहानच असतात.

जायचे कोठे, हाही प्रश्नच आहे. धर्मादाय आयुक्तांचा अधिकार सार्वजनिक न्यासांपुरता आहे. ट्रस्ट डीडमधील लवादाच्या कलमावर विसंबावे, तर न्यास अधिनियमाखालचे असे वाद लवादापुढे नेता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले आहे. बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारींसाठी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेचा व्यावसायिक निर्णय कक्षेबाहेर ठेवला आहे, आणि आमची बँक बहुतेक प्रश्नांना ‘हा आमचा व्यावसायिक निर्णय आहे’ हेच उत्तर देते. कर्जरोख्यांच्या गुंतवणूकदारांसाठी काम पाहणाऱ्या विश्वस्तांना १९९३ पासून सेबीचे, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेचे, विनियम लागू आहेत, पण कुटुंबाच्या ट्रस्टवर बसलेल्या बँकेच्या त्या कामावर तशी देखरेख नाही. उरते ते दिवाणी न्यायालय. विश्वस्त बदलून मागायचा तर न्यास अधिनियमाच्या कलम ७४ खाली तेथेच अर्ज करावा लागतो, आणि त्या खर्चाविषयी मी वर लिहिलेच आहे.

बौद्धिक दिव्यांगांसारख्या व्यक्तींसाठी असलेल्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली मी माझ्या भावाची, स्थानिक समितीने नेमलेली, पालक आहे. त्या कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत मला त्याच्या मालमत्तेचा हिशेब त्या समितीला सादर करावा लागतो, आणि तो मी औषधाच्या पावत्यांपर्यंत नीट लावून देते. ही अट योग्यच आहे. जी शिस्त सख्ख्या बहिणीला आहे ती बँकेला का नसावी?

बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ चे कलम ६ बँकांना विश्वस्त म्हणून काम करण्याची मुभा देते. ती मुभा काढून घ्यावी असे माझे म्हणणे नाही. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना हा पर्याय हवाच आहे. माझी विनंती अशी आहे की जी बँक खासगी ट्रस्टची विश्वस्त होईल, तिने तपशीलवार आणि लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी ३० जूनपर्यंत लाभार्थीला किंवा त्याच्या पालकाला द्यावा, आपले शुल्क आधी जाहीर करावे, आणि ट्रस्टचा पैसा स्वतःच्याच ठेवींत ठेवताना त्याचे कारण लेखी नोंदवावे, असे बंधन रिझर्व्ह बँकेमार्फत घालावे. हिशेब न देणे ही लोकपालाकडे दाद मागण्याजोगी सेवेतील त्रुटी आहे, असे योजनेत स्पष्ट लिहावे. आणि विधी मंत्रालयाशी विचारविनिमय करून न्यास अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये एवढी दुरुस्ती व्हावी की लाभार्थीशी चाललेल्या वादाचा खर्च बँकेने आधी स्वतः सोसावा, आणि न्यायालयाने परवानगी दिल्यावरच तो ट्रस्टमधून घ्यावा. बाकी सर्व गोष्टींना उशीर झाला तरी चालेल, पण ही दुरुस्ती आधी व्हावी.

येत्या ३० जूनपूर्वी मला पुन्हा भावाचा हिशेब सादर करायचा आहे. ट्रस्टच्या खर्चापुढे बँकेने कळवलेला एक आकडा मी लिहीन, आणि तो कशाचा आहे असे समितीने विचारले, तर मला माहीत नाही असे उत्तर द्यावे लागेल.

आपली विश्वासू,
एका लाभार्थीची बहीण व पालक
दादर, मुंबई