कॅप्टनताई, तुम्ही थांबलात

प्रिय कॅप्टनताई,

आपल्या गाइड पथकाच्या दीक्षाविधीच्या संध्याकाळी, म्हणजे मुली वचन घेऊन गाइड झाल्या त्या दिवशी, तुमच्याशी धड बोलता आलं नाही. माझा घसा भरून आला होता, आणि तुम्ही लगेच सतरंज्या गोळा करायला लागलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्यासारखं माणूस आपल्या गावात आहे हे चार लोकांना कळायला हवं.

माझी मुलगी अडखळत बोलते. 'क' आला की हमखास अडते, आणि गाइडच्या वचनात 'कर्तव्य' हा शब्द चुकवता येत नाही. प्रत्येकीनं ते एकटीनं म्हणायचं असतं. ती पुढे आली, हात वर केला, वचनाच्या तीन भागांची तीन बोटं सरळ धरली आणि त्या शब्दापाशी थांबली. मागून कुणीतरी तो शब्द हळूच पुरवायला गेलं. तुम्ही मान न वळवता डाव्या हातानं त्यांना गप्प केलंत. तुमचा उजवा हात तसाच वर होता, नजर तिच्यावर होती, आणि चेहऱ्यावर घाईचं नाव नव्हतं. सगळं पथक तुमच्याबरोबर हात वर धरून उभं राहिलं. मग 'कर्तव्य' तिच्याच तोंडून आलं, अख्खं, आणि पुढचं वचनही. तुम्ही शाब्बासकी दिली नाहीत की जवळ घेतलं नाहीत. बाकीच्या मुलींना लावलात तसाच बिल्ला लावलात, गाइडच्या रीतीनं डावा हात पुढे करून हात मिळवलात आणि पुढच्या मुलीकडे वळलात. ताई, ते वळणं माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी लेक चारचौघींसारखी रांगेत परत गेली.

आधी काय झालं होतं तेही लिहिते, कारण राग अजून गेलेला नाही. बुलबुल, म्हणजे गाइडच्या आधीच्या लहान मुलींच्या गटात, असताना ती ज्या पथकात होती, तिथे तिला सांगितलं जायचं, "तू नुसते ओठ हलव, बाकीच्या म्हणतील." गणवेश 26 जानेवारीच्या संचलनापुरता कपाटातून निघायचा. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलगी गाइडमध्ये जायला हवी, पण गाइडचं पथक चालवायला कुणी नाही म्हणून तिला लहानग्यांतच बसवून ठेवलं. तिच्या वयाच्या मुली एकेक करून गळाल्या. ती खाली मान घालून पहिलीतल्या मुलींबरोबर खेळ खेळत राहिली, आणि आम्हाला सांगण्यात आलं की तिला तिथेच बरं वाटतं.

बनी, बुलबुल, गाइड, रेंजर हे टप्पे कुणीतरी विचार करून आखले आहेत. सहा वर्षांच्या मुलीला गोष्ट आणि खेळ हवा. बाराव्या वर्षी तिला गाठी मारायच्या असतात, चूल पेटवायची असते, संघातल्या सहा-सात जणींत स्वतःचं काम हवं असतं. पुढे पंचविशीपर्यंत रेंजर म्हणून राहता येतं. पण एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना हात धरायला माणूस नसेल तर मुलगी मधेच सुटते, आणि सुटलेली मुलगी सहसा परत येत नाही.

तुम्ही शिक्षिका नाही, दवाखान्यात नोकरी करता. कधीकाळी स्वतः रेंजर होतात, तेवढ्या ओढीनं खुलं, म्हणजे कुठल्याही एका शाळेचं नसलेलं, पथक चालवता. याचा पगार नाही. उलट दोऱ्या, प्रथमोपचाराची पेटी, शिबिराला येणाऱ्या एखादीचं भाडं तुमच्याच पर्समधून जातं. खरी कमाईच्या दिवशी, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायच्या दिवशी, मुलींनी भेळ विकली, तेव्हा हिशेबाची वही तुम्ही माझ्या मुलीकडे दिलीत आणि गिऱ्हाइकांशी बोलायलाही तिलाच उभं केलंत. पुण्याला 'संगम' दाखवायला नेलंत. जगभरातल्या गाइड मुलींचं हे केंद्र 1966 मध्ये लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते उघडलं, आणि जवळच राहून मला त्याचा पत्ता नव्हता! परदेशी मुलींशी ती अडखळत बोलली, त्या ऐकत राहिल्या. घरी येऊन तिनं हे सगळं रात्री उशिरापर्यंत सांगितलं. अडली की मीही आता शब्द पुरवत नाही.

लोक म्हणतात, चांगुलपणा राहिला नाही. मला वाटतं तो शनिवारी संध्याकाळी नगरपालिकेच्या शाळेच्या मैदानावर असतो, शिट्टी गळ्यात अडकवून. दुसऱ्याच्या लेकरासाठी आपला वेळ घालवणारी, आणि त्याचा गवगवा न करणारी माणसं अजून आहेत. त्यांच्यावरच आपली मुलं वाढतात.

तुम्ही परवा म्हणालात की बुलबुल सुरू करायचं आहे, लहान मुली विचारत येतात, पण फ्लॉक लीडर, म्हणजे बुलबुलचं पथक चालवणारी बाई, मिळत नाही. ताई, मी येते. मला गाठी येत नाहीत, शिकेन. पथक चालवायला शिकवणाऱ्या बेसिक कोर्सची तारीख कळली की सांगा, ऑफिसात रजेचं बोलून ठेवलं आहे.

तुमची,
तुमच्या पथकातल्या एका गाइडची आई